पाठ मोडलेली पुस्तकं

माझे बाबा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात बाइंडर होते. एकतीस वर्षं. इमारतीच्या मागच्या अंगाला, सायकली लावायच्या जागेशेजारी, त्यांची दुरुस्तीची खोली होती. एक लांब टेबल, एक लोखंडी शिकंजा, कागद कापायचं यंत्र, खळीचं पातेलं आणि खिडकीत वाळत टाकलेल्या कापडाच्या पट्ट्या. फाटलेलं पुस्तक वरून खाली यायचं. बाबा त्याचा पुठ्ठा उतरवायचे, फर्मे, म्हणजे पानांच्या जुड्या, सुटे करायचे, पुन्हा शिवायचे, पाठीला नवं कापड लावायचे. आठवड्याभरात ते पुस्तक वर जायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "अरे वा, नवीन प्रत आली वाटतं!" एवढं कानावर आलं की बाबांचा दिवस मजेत जायचा.

पुस्तकं ते वाचायचे नाहीत. का, असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर काय पेशंटची पत्रं वाचत बसतो?" पण पुस्तकांचे आजार त्यांना तोंडपाठ होते. रहस्यकथेची शेवटची पानं आधी सुटतात, कारण लोकांना धीर नसतो. परीक्षेच्या पुस्तकातली पानं ब्लेडने कापलेली असतात. मुलांच्या पुस्तकांचे कोपरे चावलेले असतात. "आणि स्वयंपाकाची पुस्तकं," बाबा म्हणायचे, "ती जेवून येतात." पानांत पीठ, कडेला तेल, मध्येच चिकटलेला तांदूळ. ते मऊ ब्रशने सगळं झाडायचे आणि आत काय लिहिलंय याची एका ओळीनेही चौकशी करायचे नाहीत. स्वतःला स्वयंपाकातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. चहा करायचे, तोही आईने डबे काढून दिले तर.

आई कापडाच्या दुकानात कपडे बेतून आणि दुरुस्त करून द्यायची. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. वरच्या फळीवरचा तागा काढताना ती स्टुलावरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. मी होस्टेलवर राहत होते, रविवारीच घरी यायचे. पहिले दोन दिवस शेजारून डबे आले. तिसऱ्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, की आता मी बघतो.

आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि सूचना देऊ लागली.

"आता मीठ घाला."

"किती?"

"अंदाजे."

"अंदाजे म्हणजे किती चमचे?"

"अहो, चमचे कसले! हाताला कळतं ते."

"माझ्या हाताला मिलिमीटर कळतात. मीठ नाही कळत."

"माझ्या हाताला कळतं," आई म्हणाली, "पण तो प्लास्टरमध्ये आहे."

त्या दिवशीची बटाट्याची भाजी दोघांनी पाण्याच्या घोटांबरोबर संपवली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाबा जिना चढून वर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथालयाच्या स्वयंपाकाच्या कपाटासमोर वाचक म्हणून उभे राहिले.

ग्रंथपालबाई कडक होत्या. चष्म्याच्या वरून बघायच्या आणि त्यांच्या नजरेनेच माणसाचा आवाज खाली यायचा. बाबांना काय हवंय हे ऐकून त्यांनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी वही उघडली. "सगळ्यात जास्त जातं ते हे," म्हणून एक जाडजूड, चकचकीत पुस्तक त्यांनी काढून दिलं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मुख्य शेफचं ते पुस्तक. हे शेफसाहेब दर शनिवारी टीव्हीवरही दिसायचे. चार वर्षांत पुस्तक शंभराच्या वर वेळा बाहेर गेलं होतं.

बाबांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"बाई, हे माझ्याकडे कधी आलं नाही."

"मग चांगलंच की. लोक जपून वापरतात."

"स्वयंपाकाचं पुस्तक जपून वापरता येत नाही," बाबा म्हणाले. "हे लोक नेतात आणि परत आणतात. मधे काही होत नाही."

तरी त्यांनी ते घेतलं. शिवाय आणखी दोन घेतली. एक होता ठोकळा. म्हणजे बाराशे पाककृतींचा ग्रंथ. मोठ्या जाणकाराने लिहिलेला, उशाला घेता येईल असा. बाबांकडे तो दोनदा आला होता. आणि तिसरं एक तपकिरी, बारकं पुस्तक, शाळेत गृहविज्ञान शिकवणाऱ्या कुणा बाईंनी लिहिलेलं. त्यात एकही चित्र नव्हतं. ते तपकिरी होतं कारण बाबांनीच त्याला चार वेळा तपकिरी कापड चढवलं होतं. मूळचा रंग कुणालाच आठवत नव्हता.

त्यांनी ठरवलं, की तिन्ही पुस्तकांतून एकच पदार्थ करायचा. तिन्हींत होतं असं साधं काहीतरी. कांद्याचं सूप निघालं. मी त्या रविवारी घरी आले तर ओट्यावर लाकडी पट्टी, घड्याळ, वजनाचा काटा आणि पेन्सिल मांडलेली. मला वाटलं, एखादं पुस्तक बांधायला घरी आणलंय.

पहिलं सूप चकचकीत पुस्तकातलं. फोटो असा, की वाफ डोळ्यांना जाणवावी. लिहिलं होतं, कांदा मंद आचेवर पाच मिनिटं तांबूस होईपर्यंत परता. बाबांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटांनी कांदा जसा होता तसाच होता, फक्त घामाघूम. बाबाही. त्यांनी पान उलटून पाहिलं, पुढे काही खुलासा आहे का. नव्हता. शेवटी कांदा तांबूस झाला तेव्हा चौतीस मिनिटं झाली होती.

"छापायची चूक असेल," मी म्हटलं.

"पाचाच्या जागी चौतीस? एवढी मोठी चूक मशीन करत नाही. माणूस करतो."

बुधवारी ठोकळ्याची पाळी आली. त्यातलं सगळं बरोबर होतं, वेळ बरोबर, माप बरोबर. पण सूपाला लागणाऱ्या भाज्यांच्या पाण्यासाठी पाककृती एकशे बारा बघा, त्यात घालायच्या लोण्यासाठी तीस बघा, पाव भाजण्यासाठी आठशे सत्तेचाळीस. बाबा ओल्या हाताने पानं उलटत राहिले, आणि हात सोडला की पुस्तक धाडकन मिटायचं. शेवटी त्यावर त्यांनी वरवंटा ठेवला. आई म्हणाली, "स्वयंपाक करताय की त्याला दाबून धरताय?"

शनिवारी तपकिरी पुस्तक. ओट्यावर ठेवलं तसं ते उघडं पडून राहिलं, बाबांनीच तसं शिवलं होतं ना. सूपाच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: "कांदा तांबूस व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. घाई असेल तर आज हे करू नका." आणि प्रत्येक पाककृतीच्या खाली एक छोटा परिच्छेद: "बिघडलं तर." खारट झालं तर काय करायचं, करपलं तर कुठवर वाचवता येतं, आणि कधी सरळ टाकून द्यायचं. बाबा उभ्याउभ्याच वाचत राहिले.

"ही बाई स्वयंपाकघरात उभी राहून लिहिते आहे," ते म्हणाले. "बाकीचे टेबलावर बसलेत."

आईने तिसरं सूप चाखलं. डाव्या हाताने चमचा धरला होता, जरा सांडत होतं. तिने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे." आमच्या घरात याहून मोठं बक्षीस नव्हतं.

पण त्या पुस्तकात बाबांना आणखी काही सापडलं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं. वेगवेगळी अक्षरं, सगळी शेवटच्या बांधणीनंतरची. "साखर निम्मी पुरते." "गॅसवर दहा मिनिटं जास्त." "धाकटीने दोनदा मागून घेतलं." एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं, "हॉस्पिटलात नेलं. त्यांनी खाल्लं." बाबा खुर्चीवर बसले. ग्रंथालयाचा नियम होता, दुरुस्तीला आलेल्या पुस्तकातलं पेन्सिलीचं लिखाण पुसून टाकायचं. बाबांनी चार वेळा ते पुस्तक बांधलं होतं. चारही वेळा खोडरबर घेऊन पान न् पान साफ केलं होतं.

"मी हे पुसत होतो," ते आईला म्हणाले. "इतकी वर्षं."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"वाचलं असतं तर माहीत झालं असतं."

सोमवारी त्यांनी ग्रंथपालबाईंना जाऊन सांगितलं, की स्वयंपाकाच्या पुस्तकातली पेन्सिल यापुढे मी पुसणार नाही. बाई म्हणाल्या, नियम तो नियम. मग चष्मा काढून काचा पुसत म्हणाल्या, "पण तुमच्या खोलीत येऊन पानं तपासायला मला वेळ कुठे असतो?"

आईचं प्लास्टर निघालं. स्वयंपाकघर पुन्हा तिच्या ताब्यात गेलं, पण रविवार बाबांनी सोडला नाही. कपाटातली पुस्तकं ते एकेक करून घरी आणायला लागले. एकच पदार्थ दोनतीन पुस्तकांतून करून बघायचे आणि ग्रंथालयाच्या सूचीतल्या जुन्या कार्डांच्या मागे लिहून ठेवायचे: पुस्तकात लिहिलेला वेळ, खरा लागलेला वेळ, किती भांडी पडली, दुकानात न मिळालेल्या वस्तू किती. "चवीनुसार" हा शब्द आला, की त्याच्यापुढे ते प्रश्नचिन्ह करायचे. आणि त्याखाली: "कुणाच्या?"

दीड वर्षाने ग्रंथपालबाईंनी एका शनिवारी वाचकांसाठी कार्यक्रम ठेवला. विषय होता, स्वयंपाकाचं आवडतं पुस्तक कोणतं आणि का. बोलायला तीन जण: शेफसाहेब, कॉलेजातल्या एक प्राध्यापिका आणि एका मासिकाच्या संपादिका. आदल्या दिवशी संपादिकांचा घसा बसला. बाई स्वतः खाली दुरुस्तीच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"उद्या तुम्ही बोला."

बाबांच्या हातात सुई होती. ती हातातच राहिली. "मी? मी तर बाइंडर."

"म्हणूनच."

मला त्यांनी होस्टेलवर फोन केला. आवाजावरूनच कळलं, घसा यांचाही बसायच्या बेतात आहे. "शेफसाहेब समोर बसणार," ते म्हणाले. "त्यांच्या पुस्तकाबद्दल मी काय सांगू?" मागून आईचा आवाज आला, "खरं सांगा! पण माणूस समोर आहे हे लक्षात ठेवून सांगा!"

मी ड्यूटी संपवून तशीच, गणवेशातच, धावत पोचले. हॉल भरला होता. मी शेवटी भिंतीला टेकून उभी राहिले. प्राध्यापिका छान बोलल्या, पोषणमूल्यांबद्दल. शेफसाहेब त्याहून छान बोलले, लोक दोनदा हसले. मग बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात तीन पुस्तकं. माइक त्यांच्या उंचीला फार वर होता, तो खाली करायला गेले तर कर्रकन वाजला. कुणीतरी हसलं.

"मला बोलता येत नाही," बाबा म्हणाले. "मी दाखवतो."

त्यांनी तपकिरी पुस्तक टेबलावर पाठीवर उभं केलं. "पुस्तक असं धरायचं आणि दोन्ही हात सोडायचे. ते आपोआप जिथे उघडतं, तिथे लोकांचा सगळ्यात जास्त मुक्काम झालेला असतो. पुस्तक खोटं बोलत नाही. त्याची पाठ बोलते." त्यांनी हात सोडले. पुस्तक अलगद उघडलं. बाबांनी ते लोकांकडे फिरवलं. पान तेलाने इतकं पारदर्शक झालं होतं, की मागची अक्षरं दिसत होती.

"पान एकसष्ट. साधा पाव. 'पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी' असं वर लिहिलंय."

दुसऱ्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या. "तो कडेचा डाग माझ्या हातचा आहे!" त्या ठणकावून म्हणाल्या. "लग्न झाल्यावर पहिला पाव मी त्याच पानावरून केला. दगड झाला होता. मग खालचं 'बिघडलं तर' वाचलं." हॉल हसून हसून दणाणला. मागून आणखी कुणी ओरडलं, "साखर निम्मी पुरते, हे मी लिहिलंय!"

मग ठोकळा. तो उघडला थेट सूचीत. "बाराशे पदार्थ आहेत, सगळे बरोबर आहेत," बाबा म्हणाले. "पण लोकांचा निम्मा वेळ शोधण्यात जातो."

तिसरं चकचकीत पुस्तक त्यांनी हातात घेतलं आणि थांबले. शेफसाहेबांकडे पाहून म्हणाले, "साहेब, राग मानू नका." हात सोडले. पुस्तक उघडलं ते शेफसाहेबांच्या पानभर फोटोवर. उंच पांढरी टोपी, हाताची घडी, हसरा चेहरा.

सगळ्यांच्या माना शेफसाहेबांकडे वळल्या.

"फोटो उत्तम आहे," बाबा गंभीरपणे म्हणाले. "माशांचं प्रकरणही उत्तम आहे, मी त्यातले चार पदार्थ केलेत, चारही जमले. पण कांद्याच्या सूपात तुम्ही पाच मिनिटं लिहिलीत. मी तुमचं सूप तीनदा केलं, घड्याळ लावून. दरवेळी चौतीस मिनिटं लागली. ज्या बाईने पाच मिनिटांच्या भरवशावर पाहुणे बोलावले, ती दुसऱ्यांदा ते पुस्तक उघडत नाही. आवडतं पुस्तक म्हणजे दुसरं काय हो? ज्याने आपल्याला कधी तोंडघशी पाडलं नाही, ते."

एवढंच बोलून ते खाली बसले. टाळ्या सुरू व्हायला जरा वेळ लागला, पण सुरू झाल्या त्या थांबेनात. शेफसाहेब उठले तशा त्या विरल्या. त्यांनी माइक पुन्हा आपल्या उंचीला घेतला.

"माझ्याकडे कांदा परतायला वेगळा माणूस आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी स्वतः शेवटचा कधी परतला, मला आठवत नाही. बाइंडरसाहेब, तुमचं बरोबर आहे."

बाबांना कुणी आयुष्यात साहेब म्हटलं नव्हतं. ते उठावं की बसावं या गोंधळात अर्धे उठून राहिले. आई पहिल्या रांगेत होती. ती मागे वळून मला शोधत होती. मी हात वर केला, तेव्हा तिने नुसती मान हलवली. बघितलंस ना, अशा अर्थाने.

पुढच्या मंगळवारी शेफसाहेब सायकलींमधून वाट काढत दुरुस्तीच्या खोलीत आले. स्टुलावर बसले. बाबांनी त्यांच्या पुस्तकाचा पुठ्ठा त्यांच्यासमोर सोलून दाखवला. "हे शिवलेलंच नाही. नुसतं चिकटवलंय. ओट्यावर उघडं राहणार कसं?" दोघं दोन तास बोलत होते. खळ त्या दिवशी वाळून गेली.

त्यानंतर सात महिने आमच्या घरी पाकिटं येत राहिली. नव्या आवृत्तीच्या पाककृती, सुट्या कागदांवर. बाबा करायचे, आई चाखायची. पुस्तक बघून स्वयंपाक मी मरेपर्यंत करणार नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं, पण दुसऱ्याने बघून केलेल्यात खोड काढायला तिची ना नव्हती. ती बोलायची आणि बाबा समासात लिहायचे: "तीन भांडी कमी होतील." "हे कुणी विकत घेत नाही." एकदा तर नुसतं, "नको." सगळे कागद परत जायचे. नवी आवृत्ती आली तेव्हा कांद्यापुढे पस्तीस मिनिटं छापलं होतं, "चवीनुसार" हा शब्द शोधून सापडत नव्हता, आणि पुस्तक दोऱ्याने शिवलेलं होतं. शेफसाहेबांचा फोटो मागच्या पानावर, टपालाच्या तिकिटाएवढा.

अडीच वर्षांनी ते पुस्तक पहिल्यांदा बाबांकडे दुरुस्तीला आलं. पाठ मोडलेली, दोन फर्मे लोंबत असलेले, सूपाच्या पानावर तपकिरी वर्तुळ. बाबांनी हातातलं काम बाजूला ठेवून एक कार्ड लिहिलं आणि हॉटेलच्या पत्त्यावर टाकलं: "साहेब, तुमचं पुस्तक फाटलं. अभिनंदन." दोन दिवसांनी ग्रंथालयात फोन वाजला. ग्रंथपालबाईंना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला, पलीकडून इतकं जोरात हसू येत होतं.

बाबा निवृत्त व्हायच्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथालयाची नवी शाखा निघाली. स्वयंपाकाची सत्तरएक पुस्तकं भेट आली होती आणि कपाट एकच होतं. बाईंनी खोकी सरळ आमच्या घरी पाठवून दिली. बाबांनी तीन आठवडे लावले आणि सव्वीस पुस्तकं निवडली. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. भाषणं संपल्यावर लोक कपाटांकडे पांगले. बस-ड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस त्या कपाटासमोर बराच वेळ नुसता उभा होता. बाबा शेजारी दिसले म्हणून त्याने विचारलं, "काका, यातलं चांगलं कुठलं?"

"खाणारे किती?"

"मी एकटाच."

"आणि वेळ?"

"वीस मिनिटं. त्यानंतर मला झोप येते."

बाबांनी दुसऱ्या फळीवरचं एक पातळ पुस्तक काढलं, न उघडता म्हणाले, "पान चाळीसपासून सुरुवात करा. आधीचं सोडून द्या, ते लेखकाने उगाच लिहिलंय."

माझ्या बाजूला एक अनोळखी बाई हे बघत उभी होती. "कोण हो हे?" तिने विचारलं. "इथले ग्रंथपाल का?"

"नाही," मी म्हटलं. "बाइंडर आहेत. माझे बाबा."

मला वाटतं मी ते गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हटलं. ड्रायव्हरने पुस्तक बगलेत मारलं आणि नाव नोंदवायच्या रांगेत जाऊन उभा राहिला.